उंदरांनी सांगितलं तेवढंच

ॲनिमल हाऊसमधला माझा पहिला दिवस मला एका पिवळ्या बाटलीमुळे आठवतो. पिंजऱ्यात सहा पांढरे उंदीर होते, सगळे एका वयाचे, वीस-बावीस ग्रॅमचे. कोण कुठला हे ओळखता यावं म्हणून तिथले मामा कापसाचा बोळा बाटलीत बुडवून एकाच्या डोक्यावर, दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या शेपटीच्या मुळाशी पिवळा ठिपका देत होते. चौथ्याला डोकं आणि पाठ, पाचव्याला पाठ आणि शेपटी. सहाव्याला काहीच नाही. ठिपका नसणं हीच त्याची खूण.

मी बाटलीवरचं नाव वाचलं आणि दोन पावलं मागं सरले.

"काय झालं पोरी? उंदराला भ्यालीस?"

"उंदराला नाही मामा, बाटलीला. पिक्रिक ॲसिड आहे हे. वाळलं तर उडतं."

"तुला कसं ठाऊक?"

"मी तेरखेड्याची आहे."

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे रस्त्यावर माझं गाव आहे. फटाक्यांमुळे त्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. माझी माय कित्येक वर्षं त्या कामावर जात होती. संध्याकाळी घरी आली की तिच्या बोटांच्या रेषांत ॲल्युमिनियमच्या भुकटीची चांदी असायची. काही आपटायचं नाही, घासायचं नाही, लोखंड जवळ आणायचं नाही, मापापेक्षा चिमूटभरही जास्त घ्यायचं नाही, हे मी तिच्याकडून पाटी-पेन्सिलीच्या वयात शिकले. गावानं स्फोट पाहिलेत, माणसं गमावलीत. त्यामुळे 'थोडंसं इकडंतिकडं झालं तर काय बिघडतं' हे वाक्य आमच्या घरात कधी कुणी बोललं नाही.

गावात फटाक्यांच्या दारूला ओल लागू नये म्हणून जपतात. पिक्रिक ॲसिडची ओल जाऊ नये म्हणून जपावं लागतं. झाकणाच्या आट्यांत वाळलेले कण अडकले, तर उघडताना होणारं घर्षणही पुरतं. दर सोमवारी त्या बाटलीत पाणी आहे का ते बघायचं आणि तिचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, हे काम मी त्याच दिवशी अंगावर घेतलं. माझ्या संशोधनाची सुरुवात अशी झाली.

माझा विषय होता धिंगरी अळंबीतल्या पॉलिसॅकराइडांचा उंदरांच्या रोगप्रतिकारशक्तीवर होणारा परिणाम. गावी हे सांगितलं तेव्हा मायला कळेना. आमच्याकडं पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला उगवणाऱ्या असल्या सगळ्या गोष्टींना एकच नाव, कुत्र्याची छत्री. पायानं उडवायची, हात लावायचा नाही. तिकडं विदर्भात पहिल्या पावसानंतर सात्या निघाल्या की बाजारात झुंबड उडते, गोव्यात वारुळावरच्या अळंब्यांना सोन्याचा भाव येतो, हे मला पुण्यात शिकायला आल्यावर समजलं. धिंगरी ही त्यातली शेतकऱ्याला सगळ्यात सोपी. गव्हाचं काड किंवा सोयाबीनची गुळी भिजवून, वाफवून पिशवीत भरायचं, त्यात बियाणं, म्हणजे स्पॉन, पेरायचं, अंधाऱ्या दमट खोलीत टांगून ठेवायचं. तीन आठवड्यांच्या आसपास पिशवीच्या छिद्रांतून शिंपल्यांसारखे झुबके बाहेर येतात. आमच्या भागात सोयाबीनच्या मळणीनंतर गुळीचे ढीग पडलेले असतात. त्या ढिगातून असं काही निघू शकतं, या विचारानंच मी हा विषय घेतला होता.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांब माळ. ज्वारीतला स्टार्च ही अशीच माळ, कापसाचा तंतू हीसुद्धा. फरक असतो तो मणी एकमेकांना कुठल्या बाजूनं जोडलेत याचा. अळंबीच्या पेशीभित्तिकेत बीटा ग्लुकान नावाची माळ असते आणि तिला मधूनमधून फांद्या फुटलेल्या असतात. ती आपल्या आतड्यात पचत नाही, कारण ती तोडणारं विकर आपल्याकडं नाही. ती मिळवायची तर वाळवलेल्या अळंबीची पूड पाण्यात तासन्‌तास उकळायची, गाळायची, आटवायची आणि गार झाल्यावर तिच्यात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओतायचं. पहिल्यांदा ओतलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते. तपकिरी पाण्यात पांढरे धागे उमटत गेले, एकमेकांत गुंतत खाली बसत गेले. पुढं प्रथिनं काढून टाकायची, बारीक छिद्रांच्या पिशवीत भरून पाण्यात ठेवायचं म्हणजे लहान रेणू निघून जातात आणि शेवटी गोठवून वाळवायचं. किलोभर ताज्या अळंबीत नऊशे ग्रॅम तर पाणीच असतं. एवढ्या खटाटोपानंतर हातात येते ती चिमूटभर भुरकट पूड.

या वाटेवरचं पहिलं मोठं पाऊल जपानचं. टोकियोच्या नॅशनल कॅन्सर सेंटरमध्ये गोरो चिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिताके अळंबीतून असंच एक पॉलिसॅकराइड वेगळं केलं. त्याला लेंटिनान म्हणतात. सार्कोमा १८० नावाची गाठ रुजवलेल्या उंदरांना ते टोचलं, तर गाठी वाढायच्या थांबल्या, कित्येक उंदरांत नाहीशा झाल्या. १९६९ साली 'नेचर'मध्ये हे छापून आलं. मला मात्र त्यांचा पुढचा प्रयोग जास्त मोलाचा वाटतो. जन्मतःच थायमस ग्रंथी काढलेल्या उंदरांना त्यांनी तेच लेंटिनान दिलं आणि परिणाम दिसेना. म्हणजे औषध गाठीला मारत नव्हतं. ते उंदराच्या शरीराला जागं करत होतं आणि पुढची लढाई शरीर लढत होतं. जागं होणारी यंत्रणाच काढून टाकली, तर औषध कुणाला हाक मारणार?

ती हाक ऐकणारा कान २००१ साली सापडला. ऑक्सफर्डमध्ये गॉर्डन ब्राउन आणि सायमन गॉर्डन यांनी दाखवलं की मॅक्रोफेज या भक्षक पेशींच्या अंगावर डेक्टिन-१ नावाचा एक ग्राहक असतो आणि तो बीटा ग्लुकान नेमकं पकडतो. हे वाचून माझी एक समजूत बदलली. अळंबी प्रतिकारशक्तीला खुराक देते, असं मी धरून चालले होते. खरं तर पेशींना तिच्यात बुरशी दिसते. शत्रू दाराशी आलाय असं समजून त्या सावध होतात. जो परिणाम आम्ही मोजतो, तो धोक्याच्या घंटेचा असतो, आणि घंटा किती जोरात वाजवावी यालाही मर्यादा असते. लेंटिनानचंच उदाहरण आहे. मात्रा बेताची असताना जो परिणाम मिळाला, तो मात्रा खूप वाढवल्यावर नाहीसा झाला. उंदरांच्या सगळ्या वाणांतही तो सारखा आला नाही. जास्त म्हणजे चांगलं हे सूत्र इथं चालत नाही. मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "दारूचं बी तसंच असतंय की."

प्रत्यक्ष काम पहाटे सुरू व्हायचं. प्रतिपिंडं मोजण्याच्या चाचणीत उंदराला मेंढीच्या तांबड्या पेशी टोचतात. त्याच्या शरीराला त्या परक्या असतात, तो त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतो. त्यासाठी मेंढीचं ताजं रक्त लागायचं. निर्जंतुक बाटलीत गोठू न देणारं द्रावण घेऊन मी पाच वाजता कत्तलखान्याच्या दारात उभी राहायची. तिथले खाटीकदादा बाटली माझ्या हातून घेऊन काळजीनं भरून द्यायचे. दुसरीकडं कुणाला उशीर होत असला, तरी माझी बाटली आधी भरायचे. मग आठवड्याभरानं उंदराच्या रक्तातलं द्रव निम्मं-निम्मं पातळ करत शहाण्णव खळग्यांच्या ताटलीत भरायचं आणि त्यात तांबड्या पेशी टाकायच्या. जिथं प्रतिपिंडं असतात तिथं पेशी जाळीसारख्या पसरून चिकटतात. नसतात तिथं तळाशी लाल बटणासारख्या गोळा होतात. जाळी कुठल्या खळग्यापर्यंत गेली, ते मोजायचं.

दुसरी चाचणी काळ्या शाईची. शाईतले कार्बनचे बारीक कण शेपटीच्या शिरेतून सोडायचे आणि ठरावीक मिनिटांनी रक्ताचा थेंब घेऊन त्याचा काळेपणा मोजायचा. यकृत आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी कण गिळत जातात तसं रक्त निवळत जातं. जितकं लवकर निवळेल तितक्या पेशी तत्पर. आणखी काही उंदरांना सायक्लोफॉस्फामाइड हे कर्करोगावरचं औषध देऊन त्यांच्या पांढऱ्या पेशी मुद्दाम कमी करायच्या आणि अळंबीचा अर्क मिळालेल्यांत त्या किती सावरतात ते बघायचं. मी ज्यांच्या पेशी खाली आणत होते, त्यांच्या जागी माझ्याच जिल्ह्यातली केमोथेरपी घेणारी माणसं मला दिसायची.

हे करायची परवानगी सहज मिळत नाही. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याला प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे, त्याखाली १९९८चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत एक नीतिसमिती असते आणि एकेका उंदराचा हिशोब तिच्यापुढं मांडावा लागतो. रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ साली तीन कसोट्या सांगितल्या होत्या. प्राण्याशिवाय भागतं का? भागत नसेल तर कमीत कमी किती लागतील? आणि त्यांचा त्रास कसा कमी करता येईल? कागदावर या कसोट्या मी वाचल्या. हातात आणून दिल्या त्या मामांनी.

"उंदीर उचलायच्या आधी हात त्याच्याच भुश्यात घास," ते म्हणायचे. "तुझा वास त्याला परका आहे." तोंडावाटे औषध द्यायची गोल टोकाची वाकडी सुई मी पहिले आठ दिवस फक्त पाण्यासाठी वापरली, तीही मामांच्या देखरेखीखाली. सुई ढकलायची नसते. मान सरळ धरली की उंदीर ती स्वतः गिळतो. घाई केली तर ती श्वासनलिकेत जाते आणि जीव जातो. दिवाळीच्या आठवड्यात प्रयोग लावायचा नाही, हाही त्यांचाच नियम. बारा तास उजेड, बारा तास अंधार, बावीस अंशांच्या आसपास तापमान, हे सगळं यंत्रं सांभाळतात. भिंतीपलीकडचा आवाज सांभाळत नाहीत. आवाजानं माद्या पिल्लं खातात, भेदरलेल्या उंदरांत ताणाचं संप्रेरक वाढतं, थायमस आक्रसते, पांढऱ्या पेशींचे आकडे बदलतात. पहिल्या दिवाळीत मी ॲनिमल हाऊसच्या बोळात उभी राहून बाहेरचे बार ऐकत होते. त्यातला एखादा माझ्या गावच्या कुणा बाईनं वळलेला असेल, असं मनात आलं आणि आत पिंजऱ्यांतून अंग चोरून बसलेले पांढरे जीव दिसत होते. दोन्ही माझेच होते.

तिसऱ्या वर्षी मला हवा तसा निकाल मिळाला. अर्काच्या एका नव्या घाण्यानं भक्षक पेशी अशा काही पेटल्या, की आधीचे सगळे आलेख फिके पडले. मी आठवडाभर त्या आलेखाकडं बघत होते. मग एका ज्येष्ठ बाईंनी एकच प्रश्न विचारला. "यात एंडोटॉक्सिन नाही ना, पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. एंडोटॉक्सिन म्हणजे काही जीवाणूंच्या भित्तिकेतला पदार्थ. जीवाणू मेले तरी तो उरतो, उकळूनही जात नाही आणि भक्षक पेशींना तो बीटा ग्लुकानपेक्षा कितीतरी पटींनी जास्त चेतवतो. तो ओळखायची चाचणी घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या, निळ्या रक्ताच्या एका समुद्री जीवाच्या रक्तपेशींपासून केलेली आहे. नमुना त्यात मिसळायचा, तासभर कोमट ठेवायचा आणि नळी उलटी करायची. द्रव खाली आला तर नमुना शुद्ध. मी नळी उलटी केली. आतलं साय धरल्यासारखं घट्ट झालं होतं आणि तसंच तळाला चिकटून राहिलं.

चूक माझी होती. पाण्यात लोंबकळणारी पिशवी मी एका शनिवारी थंड खोलीत ठेवायच्या ऐवजी बाहेर ओट्यावर विसरले होते. सोमवारी पाणी जरासं गढूळ दिसलं, तेव्हा मी ते बदललं आणि पुढं गेले. थोडंसं इकडंतिकडं झालं होतं. ज्या घरात हे वाक्य कुणी उच्चारलं नाही, त्या घरातल्या मुलीनं ते हातांनी केलं होतं. आणि त्याची किंमत मी दिली नव्हती. त्या घाण्यावरच्या सगळ्या पिंजऱ्यांतल्या उंदरांनी दिली होती. त्यांचे आकडे मी वहीत लाल रेघेनं खोडले. मामांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. रिकामे पिंजरे धुताना मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, एवढंच.

समितीपुढं मी सगळं खरं लिहून दिलं आणि पुन्हा उंदीर मागितले. या वेळी काचेचं प्रत्येक भांडं अडीचशे अंशांवर अर्धा तास भाजलं, पाणी एंडोटॉक्सिनविरहित घेतलं, प्रत्येक घाण्याची नळी उलटी करून पाहिली. निकाल आला. रक्तातली शाई लवकर निवळली, ताटलीतली जाळी पुढच्या खळग्यांपर्यंत गेली, सायक्लोफॉस्फामाइडनं उतरलेल्या पांढऱ्या पेशी लवकर सावरल्या. परिणाम आधीपेक्षा लहान होता. पण तो अळंबीचा होता.

प्रबंधाचं शीर्षक ठरवताना कुणीतरी सुचवलं, की 'स्विस अल्बिनो उंदरांमध्ये' हे शब्द काढले तर शीर्षक सुटसुटीत होईल. मी ते काढले नाहीत. तो निर्णय किती बरोबर होता, ते मला २०२०नंतर कळलं. करोनाच्या त्या वर्षांत 'रोगप्रतिकारशक्ती' हा शब्द प्रत्येक डब्यावर आला. गावी गेले की ओट्यावर बायका जमायच्या.

"उंदरं मारलालीस म्हणं तिकडं?" एकीनं विचारलं होतं. मी हो म्हणाले. त्यावर खोटं बोलावंसं मला कधी वाटलं नाही.

शेजारच्या मावशी मात्र सगळ्या गेल्यावर आल्या. पदराखालून एक डबा काढला. कुणीतरी विकलेली अळंबीची पूड. "माय म्हणती तू ह्येच शिकलीस. मला सांग, किती चमचे घेऊ?"

"कशासाठी, मावशी?"

बराच वेळ त्या गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "पाळी जाऊन सहा वर्सं झाली. आता पुन्हा अंगावरून जातंय."

माझ्या वहीतला एकही आकडा त्या क्षणी उपयोगाचा नव्हता. माझे उंदीर तरुण होते, निरोगी होते, त्यांना कर्करोग नव्हता, त्यांना मिळाला तो मोजून-मापून शुद्ध केलेला अर्क होता. डब्यात काय आहे हे मला सांगता आलं नसतं. जपाननं लेंटिनानला १९८५ साली जठराच्या कर्करोगासाठी, तेही केमोथेरपीच्या जोडीनं, शिरेतून द्यायला मान्यता दिली होती. चमच्यानं खायला दिली नव्हती. आणि पुढं तिथंच ३००हून अधिक रुग्णांवर नीट तुलना करून पाहिली, तेव्हा नुसत्या केमोथेरपीपेक्षा लेंटिनान जोडल्यानं आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. २०१६ साली ते प्रसिद्ध झालं. उंदरांपासून माणसापर्यंतच्या वाटेत सत्तेचाळीस वर्षं गेली आणि उत्तर असं आलं.

पण मावशींना सांगण्यासारखं एक उत्तर माझ्याकडं होतं, आणि ते आमच्याच जिल्ह्यानं जगाला दिलेलं होतं. १९९९पासून इथल्या खेड्यांमध्ये, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही विषाणूची एकदा तपासणी झालेल्या गटात या कर्करोगानं ३४ बायका गेल्या. ज्या गटाला नेहमीचीच सेवा मिळत होती, त्यात ६४ गेल्या. त्या गटातल्या बायकांनाही तपासणी द्यायला हवी होती, असा आक्षेप पुढं घेतला गेला, आणि तो मला हलका वाटत नाही. सहाव्या उंदराला ठिपका नसतो, तशी त्यांच्याही नावापुढं काही खूण नव्हती. ज्यांना काहीच दिलं जात नाही, त्यांच्याच जिवावर आपल्याला फरक कळतो. जगभरातल्या बायकांच्या तपासण्या आज ज्या आधारावर होतात, त्यात धाराशिवच्या बायकांचा वाटा आहे.

मावशींना आठवलं. त्यांच्या माहेरी गाडी यायची, बायका नावं लिहून घ्यायच्या. "मी लाजंनं गेले न्हाई," त्या म्हणाल्या.

"उद्या जाऊ. मी येते संगं."

"आन् ह्ये?" त्यांनी डबा पुढं केला.

"मावशी, माझ्या उंदरांनी मला जेवढं सांगितलंय, त्यात तुमच्या दुखण्याचं काहीच नाही. ज्यांचं आहे, त्यांच्याकडं जाऊ."

सकाळच्या एसटीनं आम्ही बार्शीला गेलो. तपासणी झाली, निदान झालं, रेडिएशन सुरू झालं. उपचारांच्या दिवसांत डॉक्टरांना विचारून मी त्यांना धिंगरीची भाजी करून दिली. कांदा, लसूण, काळा मसाला घालून परतलेली, भाकरीबरोबर. तोंडाची चव गेलेली असताना त्यांनी ती दोनदा मागून घेतली.

"कुत्र्याची छत्री ग्वाड लागती की गं," त्या म्हणाल्या. मग ताट बाजूला सारून विचारलं, "हिनं बरं वाटंल व्हय?"

"पोट भरेल, मावशी," मी म्हणाले. "बरं रेडिएशननं वाटेल. उद्या नऊची वेळ आहे."